संत्र्यात टोचलेल्या लवंगा

आमच्या प्रतापनगरच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत आणि २०२० च्या उन्हाळ्यात त्या सहा बिऱ्हाडांत मिळून पाच मुलं कोंडलेली होती. ११ मार्चला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. मग शाळा बंद झाल्या, बाजार बंद झाले, शहर बस थांबली आणि महिनाअखेरीस तर खिडकीतून कोकिळेखेरीज कोणाचा आवाज येईना. अशाच एका दुपारी दारावर टकटक झाली. पाहते तो पाचही जण जिन्यात उभे, तोंडाला आईच्या ओढणीचे तुकडे बांधलेले. त्यांतला सर्वांत मोठा, वरच्या मजल्यावरचा, तेव्हा चौथीतून पाचवीत गेला होता. त्याने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "आजी, तो व्हायरस आत जाऊन काय करून राहिला असेल?"

बत्तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. 'कसा दिसतो', 'कुठून आला' हे सगळे विचारतात. 'आत जाऊन करतो काय' हे विचारणारा मुलगा मला फार आवडला. मी त्यांना जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक पायरी सोडून बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर खुर्ची टाकली. (दोन्ही खिडक्या बंद असलेला तो जिना! हवेच्या दृष्टीने त्याहून वाईट जागा मला निवडता आली नसती. पण ते पुढे कळलं.)

मुलांच्या वह्यांत कोरोनाची चित्रं होती. हिरवा चेंडू, सुळे, लाल डोळे, एकाच्या हातात तर तलवारसुद्धा. टीव्हीवरही तसंच दाखवत होते. मला वाटलं, आधी हे सुळे काढायला हवेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नुकतंच या विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र प्रसिद्ध केलं होतं. केरळात जानेवारीत सापडलेल्या देशातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातून मिळालेलं. करडा, धूसर, गोल ठिपका आणि त्याच्या कडेने बारीक दांडे. डोळे नाहीत, तोंड नाही. आकार सुमारे ७० ते ८० नॅनोमीटर.

आता नॅनोमीटर म्हणजे किती, हे मुलांना सांगायचं कसं? घरात मृग बहाराची शेवटची चार संत्री पडली होती. एक मोजलं, साडेसात सेंटिमीटर भरलं. आणि गणित इतकं सोपं निघालं की मीच थक्क झाले. पंच्याहत्तर नॅनोमीटरचा विषाणू संत्र्याएवढा करायचा तर तो बरोब्बर दहा लाख पट मोठा करावा लागतो. मग बाकी सगळंही तेवढ्याच पटीने मोठं करायचं. चार फुटांहून थोडा उंच पाचवीतला मुलगा तेराशे किलोमीटरचा होतो. त्याने पाय झिरो माइलला टेकवले तर डोकं दिल्लीच्याही पलीकडे! त्याच्या डोक्यावरचा एक केस ऐंशी मीटर जाड. आणि त्याच्या नाकातली एक पेशी होते दहा-बारा मीटरची, म्हणजे थेट आमच्या तीन मजली इमारतीएवढी. मुलांनी जिन्यातून वर पाहिलं, खाली पाहिलं. आपण एका पेशीच्या आत बसलो आहोत आणि फाटकाशी एक संत्रं येऊन पडलं आहे, हे त्यांना पटायला मग वेळ लागला नाही.

मग स्वयंपाकघरातून लवंगा आणल्या. विषाणूच्या अंगावरचा एकेक दांडा साधारण वीस नॅनोमीटरचा, आमच्या मापाने दोन सेंटिमीटर, म्हणजे एका चांगल्या लवंगेएवढा. टोकाला तसंच डोकंही. मुलांनी संत्र्यात लवंगा टोचल्या. जिनाभर वास सुटला. संत्र्याच्या आत काय, तर एक धागा. त्यावर सुमारे तीस हजार अक्षरांची कृती लिहिलेली. आमच्या मापाने हा धागा दहाएक मीटर भरेल, माझ्या आजीच्या नऊवारीहूनही लांब, आणि तो या संत्र्यात घडी घालून कोंबलेला. बस, विषाणू एवढाच. त्याला पोट नाही, श्वास नाही, हालचाल नाही. हवेने नेलं तर जातो, नाहीतर पडून राहतो आणि संपतो.

नाकातल्या पेशींवर बारीक केसाळ झालर असते. ती सेकंदाला दहा-बारा वेळा हलते आणि वरच्या चिकट शेंबडाचा थर घशाकडे ढकलत राहते. आलेली धूळ, आलेले जंतू त्यात अडकून पोटात जातात आणि तिथल्या आम्लात मरतात. 'शेंबूड' म्हटल्यावर सगळे हसले, पण त्या दिवसानंतर शेंबडाबद्दल त्यांना आदर वाटू लागला असावा. या थरातून निसटलेलं एखादं संत्रं पेशीच्या भिंतीला लागतं. त्या भिंतीवर कुलपं असतात. त्यांतल्या एका जातीच्या कुलपात या लवंगेचं डोकं किल्लीसारखं बसतं.

"मग ते कुलूप आपण काढूनच का नाही टाकत?" दुसरीतल्या मुलीने विचारलं.

ते कुलूप विषाणूसाठी केलेलं नाही, ते रक्तदाब ताळ्यावर ठेवायच्या कामाचं आहे, काढलं तर आपलंच अडेल, असं सांगितल्यावर तिने मान हलवली. पण तिला ती व्यवस्था काही पसंत पडली नव्हती.

किल्ली बसली की संत्रं आत ओढलं जातं, साल उलगडते, धागा सुटतो. आणि इथे खरी गंमत आहे. पेशीच्या आत हजारो यंत्रं अहोरात्र चालू असतात. मिळेल त्या कृतीबरहुकूम प्रथिनं तयार करायची, एवढंच त्यांना ठाऊक. कृती कोणाची हे ती विचारत नाहीत. घरी लग्नाचा स्वयंपाक चालला असावा आणि कोणीतरी आचाऱ्याच्या हातात दुसऱ्याच मेन्यूचा कागद सरकवावा, तसं हे. दहा-बारा तासांत नवी संत्री बाहेर पडू लागतात, शेकड्यांनी, हजारांनी. इमारत मोडकळीला येते. पण मोडण्यापूर्वी ती शेजारच्यांना ओरडून सांगते. त्या हाकेला इंटरफेरॉन म्हणतात. हाक ऐकून शेजारच्या पेशी आपली यंत्रं मंदावतात, दारं लावून घेतात. अंग तापतं ते शरीर स्वतः तापवतं. विषाणूला ताप आणता येत नाही. आठवड्याभराने शरीर प्रतिद्रव्यं तयार करू लागतं. ती लवंगेच्या डोक्यावर जाऊन चिकटतात. हे दाखवायला मी कणकेच्या गोळ्या केल्या आणि मुलांनी प्रत्येक लवंगेवर एकेक बसवली. आता किल्ली कुलपात जाईल? नाही जाणार.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण शिक्षकाला शेवटी एक नियम सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांना किल्ल्यांच्या गोष्टी आवडतात, म्हणून मी म्हटलं, "पाहा, किल्ला कितीही बळकट असला तरी तो पडतो फितुरीने. आतूनच कोणीतरी दार उघडतो. जो हात धुणार नाही, जो दुधाचं पाकीट साबणाने न धुता आत नेईल, तो आपल्या घराचा फितूर!" मुलांना ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस इमारतीत "फितूर, फितूर" असा गलका चाले. सतरंजीपुरा, मोमिनपुरा या वस्त्या पत्रे ठोकून बंद केल्याच्या बातम्या येत होत्या. तिथल्या एका बाईंना, आमच्याकडे कामाला येत त्या, इमारतीतल्या कोणीतरी फोनवर काय सुनावलं तेही कानावर आलं होतं. तरीही मी वापरलेला शब्द कोणत्या दिशेने जातो आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

२०२१ चा मार्च-एप्रिल नागपूरकरांना सांगायला नको. फेब्रुवारीत अमरावतीकडून वाढत आलेली लाट, मार्चच्या मध्यापासून पुन्हा टाळेबंदी, आणि एप्रिलमध्ये जिल्ह्यात दिवसाला सात हजारांच्या वर नवे रुग्ण. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी माणसं रात्र रात्र फिरत होती. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाचे आजोबा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. घाटावर घरच्या दोघांनाच जाता आलं. मुलाने खिडकीतून गाडी गेलेली पाहिली तेवढीच.

मे महिन्यात त्याची आई माझ्याकडे आली. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, तो हात धुतच राहतो. कातडी निघाली. कोणाजवळ बसत नाही, जेवायचं ताट घेऊन गॅलरीत जातो." मी त्याला गच्चीवर बोलावलं. सायंकाळची वेळ, कूलरची घरघर सगळीकडून येत होती. तो बराच वेळ टाकीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आजी, दुधाचं पाकीट न धुता फ्रिजमध्ये ठेवलं, तर किती दिवसांनी ताप येते?"

त्याने एकदाच तसं केलं होतं. सकाळी ऑनलाइन वर्ग सुरू व्हायची घाई होती, दाराला अडकवलेल्या पिशवीतून पाकीट काढलं आणि तसंच ठेवून दिलं. पाच दिवसांनी आजोबांना ताप आला. महिनाभर तो हे मनात धरून होता. इमारतीला माहीत असलेल्या शब्दात सांगायचं तर तो फितूर होता, आणि हा शब्द त्याला मी दिलेला होता.

माझी आजी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातली. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत ती सहा वर्षांची होती. ताप यायचा आणि तीन दिवसांत माणूस मान टाकायचा, म्हणून मानमोडी, असं ती सांगे. जूनमध्ये मुंबईत उतरलेला तो इन्फ्लुएन्झा पावसाळ्यानंतर दुपटीने उसळला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात त्याने जो हाहाकार केला तो देशातल्या सर्वांत वाईट हाहाकारांपैकी होता. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायची सोडून घटली. जनगणनेच्या इतिहासात असं पुन्हा झालेलं नाही. आजीच्या घरात त्या आश्विनात तिची आई आणि दोन काका गेले. आधी आजीलाच खोकला झाला होता. ती बरी झाली, आई गेली. तेव्हापासून ती घरात 'पांढऱ्या पायाची' ठरली. लग्नातही ते सांगितलं गेलं, आणि म्हातारपणी माझ्या भावाला ताप आला की ती त्याच्या खोलीत पाऊल टाकत नसे. आम्ही हसायचो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू माणसाच्या घशातून प्रथम वेगळा करता आला तो १९३३ साली. १९१८ मध्ये डॉक्टरही भलत्याच जिवाणूला दोष देत होते, मग खेड्यातल्या माणसांनी सहा वर्षांच्या पोरीच्या पायांकडे बोट दाखवलं यात नवल ते काय?

पण माझ्याकडे पुस्तकं होती. ती गच्चीवरची सायंकाळ मला आजही खुपते ती याच कारणाने.

मी त्याला समजूत घालणारं काही सांगितलं नाही. 'असं नसतं बाळा' म्हटल्याने पाचवीतल्या मुलाची शंका फिटत नाही. त्याला हिशेब लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलं आणि पहिल्याच वाक्याला सांगितलं की मी तुला चुकीचं शिकवलं. २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनाच सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. शास्त्रज्ञांचं याबद्दल भांडण सुरू होतं. त्या जुलैत दोनशे एकोणचाळीस शास्त्रज्ञांनी मिळून पत्र लिहिलं की हवेकडे लक्ष द्या. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे नेमके त्याचे आजोबा गेले त्याच महिन्यात, अमेरिकेच्या सीडीसीने सांगितलं की विषाणू लागलेल्या वस्तूला हात लावून आजार होण्याची शक्यता दर खेपेला दहा हजारांत एकाहूनही कमी. महिना संपता संपता जागतिक आरोग्य संघटनेनेही हवेचा मार्ग मान्य केला. आपण वर्षभर दुधाची पाकिटं धूत बसलो आणि खिडक्या लावून घेतल्या.

"दहा हजारांत एक म्हणजे?" त्याने विचारलं.

मी तांदळाचा डबा काढला. शंभर दाणे मोजायला त्याला दिले, त्यांची एक ढिगोळी केली. अशा शंभर ढिगोळ्यांएवढे दाणे अंदाजाने परातीत ओतले आणि त्यात हळदीने रंगवलेला एक दाणा मिसळला. डोळे मिटून एक दाणा उचल म्हटलं. त्याने उचलला, पांढरा. पुन्हा उचलला, पांढरा. तो पाऊण तास उचलत होता. आणि हे, पाकिटावर विषाणू होताच असं धरून. तो होता की नाही हे कोणी पाहिलंय?

मग उदबत्ती लावली. खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. उदबत्ती एका कोपऱ्यात, तो दुसऱ्या कोपऱ्यात. वास त्याच्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, हे त्यानेच घड्याळ लावून मोजलं. श्वासातून, बोलण्यातून, गाण्यातून निघालेले सूक्ष्म थेंब असेच तरंगतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. मग खिडकी उघडली, कूलर लावला, आणि धूर कसा विस्कटून बाहेर गेला तेही पाहिलं. आजोबा त्या महिन्यात पेन्शनसाठी बँकेत गेले होते, बंद गाळ्यात रांगेत उभे होते. औषधाच्या दुकानात गेले होते. शेजारच्या काकांशी जिन्यात बोलले होते. त्यांतल्या कोणाच्या श्वासातून तो आला? हे कोणालाच सांगता येणार नाही. ज्याच्याकडून आला त्यालाही माहीत नसेल, कारण ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस विषाणू बाहेर टाकू लागतो. त्या वेळी तो हसत असतो, चहा पीत असतो.

"मग मी दिला असेल, मला ताप न येताच?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. खोटं बोलले असते तर त्याने ओळखलं असतं. मी म्हटलं, असेलही, नसेलही. लहान मुलांच्या नाकातल्या पेशी आधीच सावध असतात, इंटरफेरॉनची ती हाक त्यांच्यात लवकर जाते, म्हणून पुष्कळ मुलांना काही न होता आजार येऊन जातो. म्हाताऱ्या शरीरात ती हाक उशिरा जाते. मग विषाणू नाकातून खाली उतरतो, फुप्फुसांत. तिथे तीस ते पन्नास कोटी बारीक फुगे असतात, त्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो. उशिरा जागं झालेलं शरीर इतक्या गडबडीने धावतं की त्या धावपळीत फुग्यांत पाणी भरतं. आजोबांना धाप लागली होती ती त्याने. श्वासाबरोबर विषाणू बाहेर पडला म्हणून श्वास घेणारा दोषी कसा होईल? त्या धाग्यावर तीस हजार अक्षरं आहेत, पण त्यांत कोणाला मारायचं हे लिहिलेलं नाही. संत्र्याला फितूर करता येत नाही, कारण त्याला काही हवंच नसतं.

तो काही बोलला नाही. उदबत्तीची राख त्याने बोटाने टेबलावर पसरली आणि घरी गेला. लगेच सगळं ठीक झालं असं नाही. हात धुणं कमी व्हायला पावसाळा उजाडावा लागला. एकदा त्याने येऊन विचारलं की उदबत्तीचा प्रयोग दुसरीतल्या मुलीला दाखवू का, आणि फितूर हा शब्द इमारतीत वापरायचा नाही असं मी सगळ्यांना सांगेन का. मी सांगितलं. जिन्याच्या गंजलेल्या खिडक्याही सुताराकडून उघडून घेतल्या. त्या आजतागायत उघड्या आहेत आणि पावसात जिना ओला होतो म्हणून तळमजल्यावरचे काका अजून माझ्यावर नाराज आहेत.

त्या जूनमध्ये नागपुरातच मुलांवर कोव्हॅक्सिनच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातली ती बातमी कापून मला आणून दिली. ती लस म्हणजे पुण्याच्या संस्थेने वेगळा केलेला विषाणू वाढवून, मारून, अख्खाच टोचायचा. "मेलेलं संत्रं," तो म्हणाला. त्याला मात्र लस मिळाली ती २०२२ साली. १६ मार्चपासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना कॉर्बेव्हॅक्स देणं सुरू झालं, आणि तो नुकताच बारा पूर्ण झाला होता. केंद्रावरून परत येताना त्याने माझी घंटी वाजवली. दंडावर कापूस, डोळ्यांत पाणी. सुईला तो भितो.

"आजी, यात संत्रं नव्हतंच," तो म्हणाला. "नुसतं लवंगेचं डोकं टोचलं. मी तिथल्या सिस्टरला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गुपचूप बस."

मी त्याला आत बोलावलं. कॉर्बेव्हॅक्समध्ये खरोखरच तेवढंच असतं, कुलपात बसणारा तो तुकडा. फ्रिजमध्ये संत्री होती. त्याने एक सोललं, अर्धं मला दिलं, आणि निघताना दारावरची दुधाची पिशवी उचलून न धुता आत ठेवली.